वत्सलाकाकूंचे चार दिवस

महिन्यातले सव्वीस दिवस वत्सलाकाकूंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि उरलेले चार दिवस उभं राहिलेलं पाहिलं नाही. त्या चार दिवसांत त्या मागच्या छपरीत घोंगडी टाकायच्या, भिंतीला पाठ लावायच्या आणि पाय सरळ पसरून बसायच्या. बाईमाणसानं पाय पसरून बसू नये, ही शिकवण आम्हाला सगळ्यांनाच होती. काकू नुसते पसरायच्या नाहीत, वर पायाची बोटं हलवत बसायच्या. शेजारी पाण्याचा तांब्या, वेगळी ताटली, वेगळा कप आणि वाचनालयातली एखादी जाडजूड कादंबरी. पुस्तकाला विटाळ नसतो का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सरस्वती बाईच आहे न? तिले समजते सगळं."

मी लग्न होऊन वर्ध्याहून नागपूरला आले ते साठ सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटल्यावर. धंतोलीत एका घराचे दोन भाग करून मालकानं भाड्यानं दिले होते. एका भागात आम्ही दोघं, दुसऱ्यात काकूंचं पाच माणसांचं कुटुंब. मागची छपरी दोघांची मिळून एकच, मध्ये कमरेइतकी भिंत. आमचे हे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि मतांनी पक्के सुधारक. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "आपल्याकडे हे बाजूला बसणं वगैरे चालणार नाही. तू माणूस आहेस, वस्तू नाहीस." मला कोण अभिमान वाटला! माहेरी चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत काढलेली मुलगी मी.

त्यामुळे काकूंना छपरीत बसलेलं पाहिलं तेव्हा माझा जीव कळवळला. मी भिंतीशी गेले आणि नव्या नवरीच्या उत्साहात म्हटलं, "काकू, तुम्ही कायले सहन करता हे? आमच्याकडे नाही पाळत."

काकूंनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल वं. सासूबाई ऐकतील अन् माझी सुट्टी जाईल."

"सुट्टी?"

"नाही तं काय? तुमच्यात पाळत नाहीत न? मग आज पोळ्या कोणी केल्या?"

"मी."

"अन् काल?"

"मीच."

"अन् उद्या?"

काकू पोट धरून हसल्या. "म्हणजे तुझा नवरा सुधारला, अन् सुट्टी तुझी गेली! असं कसं वं तुझं?" मग पुस्तक उपडं ठेवून म्हणाल्या, "पाठ टेकल्याशिवाय बाईले आभाळ दिसत नाही. मले महिन्यातून चार दिवस दिसते. तुले दिसते काय?"

मला राग आला होता. संध्याकाळी जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. ते खेदानं मान हलवत म्हणाले, "बेडीचीही सवय होते माणसाला." हे ते म्हणाले तेव्हा मी त्यांच्या पानात तिसरी गरम पोळी वाढत होते, एवढं मात्र मला फार पुढे आठवलं.

काकूंचे यजमान गोविंदराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. उंच, गोरे, बोलायला गोड. आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. घराबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. "घर म्हणजे कचेरीच असते बाप्पा. सेक्शन वाटून टाकले की भानगड नाही. ज्याचं काम त्यानं करावं, दुसऱ्याच्या टेबलाले हात लावू नये." त्यांच्या सेक्शनला रविवारचा बाजार होता, घड्याळाला किल्ली देणं होतं, उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणं होतं, आणि महिन्यातल्या त्या चार दिवसांचा स्वयंपाक होता. बाकीचं काकूंचं. बाकीचं म्हणजे पहाटेचा सडा, कोळशाची शेगडी पेटवणं, सासूबाईंचं सोवळ्यातलं वेगळं, दोन कॉलेजातल्या मुलांचं वेगळं, डबे, धुणं, दळण, उन्हाळ्यात पापड-कुरडया-शेवया, आणि वर्षभर येणारे-जाणारे. काटोल तिकडून काकूंच्या माहेरचं कुणी संत्री घेऊन आलं, तरी त्यांच्यासाठी आधी चूल, मग गप्पा.

गोविंदरावांचे चार दिवस मात्र साऱ्या गल्लीला कळायचे. खांद्यावर पंचा टाकून, ओले हात झटकत ते फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि जाणाऱ्याला हाक मारायचे, "आज आपली ड्यूटी आहे गा! गोळाभात करून राहिलो!" लोक कौतुकानं थांबायचे. म्हाताऱ्या बाया कानशिलावर बोटं मोडायच्या. "असा नवरा भेटाले पुण्य लागते वं," असं काकूंना तोंडावर सांगायच्या. काकू "हाव न, लागते तं," असं म्हणून पान उलटायच्या.

तो स्वयंपाक मी भिंतीच्या अलीकडून शेकडो वेळा ऐकला आहे. खरं तर तो दोघं मिळून करायचे. गोविंदराव आतून ओरडायचे, "हळद कुठं आहे वं?" काकू पुस्तकातून डोकं वर न काढता सांगायच्या, "दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरा डबा." "अन् तूर डाळ?" "त्याच्या मागं." "पाणी किती टाकू?" "बोटाचं दीड पेर." वीस वर्षं झाली होती लग्नाला आणि ह्या माणसाला दर महिन्याला हळद नव्यानं सापडत होती. मी एकदा न राहवून काकूंना म्हटलं, "एकदाचे डबे पाठ करून घ्या त्यायच्याकडून." त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या टेबलावरचं आहे न ते. कायले पाठ करतील?"

वाईट माणूस नव्हता तो. मी मुद्दाम सांगते, कारण ह्यापुढे मी जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटेल. चार दिवस तो खरोखरच करायचा. मीठ कमी-जास्त व्हायचं, भाकरी फाटायची, पण चुकवायचा नाही. फक्त पाचव्या दिवशी काकू न्हाऊन आत आल्या की तो जो बाहेर पडायचा, तो पुढल्या महिन्यापर्यंत चुलीकडे पाहायचासुद्धा नाही.

एका पावसाळ्यात काकूंना सडकून ताप आला. हिवताप होता. डोळे लाल, अंगावर दोन चादरी, आणि त्या दोन चादरींसकट शेगडीपुढे बसून भाकरी थापत होत्या. मी धावत त्यांच्या घरात गेले. गोविंदराव पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी जरा तडकूनच म्हटलं, "काका, काकूंना एवढा ताप आहे, आज तुम्ही नाही का करणार?"

त्यांना माझा प्रश्न खरंच समजला नाही. पेपर खाली ठेवून, एखाद्या नव्या कारकुनाला नियम समजावून सांगावा तसे ते मला म्हणाले, "ताप आहे न, मले माहीत आहे. औषध आणलं मी. पण ती बाहेरची नाही. चालते तिचा हात. मग माझी ड्यूटी कशी येईल?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "तापाचा काही विटाळ नसते पोरी. आम्ही बाळंतपणाच्या कळा येईपर्यंत दळत होतो."

त्या दिवशी मी भाकऱ्या केल्या. काकू भिंतीला टेकून बसल्या, दात वाजत होते. मला म्हणाल्या, "पाहिलं न? बाई आजारी पडली तं कोणी उठवत नाही, पण कोणी बसवतही नाही. विटाळ झाला की सगळे हात जोडून म्हणतात, बस माय, हलू नको." तापातही त्यांना हसू येत होतं. मला नव्हतं येत.

त्यानंतर चार-पाच वर्षं गेली. मला दोन मुलं झाली, काकूंची मुलं नोकरीसाठी बाहेरगावी गेली, काकू सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या झाल्या. त्या दिवसांतले कपडे मागच्या तारेवर जुन्या लुगड्याखाली झाकून वाळत घालायचे, हा तेव्हाचा रिवाज. आमची तार एकच होती. एका सकाळी वारा सुटला होता आणि काकूंचं लुगडं तारेवरून उडालं. काकू छपरीत घोंगडीवर बसल्या होत्या, तिसरा दिवस होता त्यांचा, आणि लुगड्याखाली काही नव्हतं. मी लुगडं पुन्हा तारेवर टाकलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुस्तकात बोट घातलं आणि हळूच मला जवळ बोलावलं.

"गेलं वं ते. सहा महिने झाले."

"मग तुम्ही बसता कशाले?"

"कायले बसू नको? कोणाले कळलं? सासूबाई तिथी मोजतात, मी तिथीले बसते. त्यायले डोळ्यानं दिसत नाही, काकाले विचारायची लाज वाटते. कोणाले सांगजो नको मात्र."

मी आधी थक्क झाले आणि मग इतकं हसले, की तोंडात पदर कोंबावा लागला. तरी विचारलंच, "अन् पाप?" कारण काकू देवभोळ्या होत्या. एकादशी, सोमवार, चतुर्थी, काही सोडायच्या नाहीत. त्यांनी ह्याचा विचार करून ठेवला होता. "बाहेरची असून सांगितलं नाही, घरात कालवाकालव केली, तं पाप. पण बाहेरची नसून बाहेरची म्हणून सांगितलं, त्याले कोणत्या पोथीत पाप लिहिलं आहे? दाखव मले. मी देवाच्या जवळ जात नाही, लांबच राहते. देवाचं त्यात काय नुकसान?" ह्याच्यापुढे माझ्या बी.ए.च्या तर्कशास्त्राचं काही चालेना.

तीन वर्षं काकूंनी ही सुट्टी भोगली आणि मी त्यात सामील होते. त्यांच्या लुगड्याखाली टाकायला मी माझ्या मुलांची जुनी दुपटी भिजवून द्यायचे. आम्हाला त्यात शाळकरी पोरींसारखी मजा वाटायची. त्या तीन वर्षांत काकूंनी वाचनालयाचं एक अख्खं कपाट संपवलं. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनं. वाचलेलं मला भिंतीवरून सांगायच्या. नायिका पळून जात असेल तर अडवायच्या, "पळून राहिली येडी. तिथंही पोळ्याच कराव्या लागतील." आतून गोविंदराव विचारत, "मोहरी कोणच्या डब्यात?" आणि आम्ही एकमेकींकडे पाहायचो. माझ्या आठवणीतल्या काकू म्हणजे ह्या तीन वर्षांतल्या काकू. अंगावर थोडं मांस आलं होतं. चेहऱ्यावर तरतरी होती.

मग त्या वर्षीच्या महालक्ष्म्या आल्या. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात तेव्हा सोळा भाज्या, पंचपक्वान्नं, आंबील, सगळं सोवळ्यात. काकू ठरल्याप्रमाणे आठ दिवस आधीच बसून उठल्या होत्या, म्हणजे सणाला मोकळ्या. आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी त्यांना रक्त जायला लागलं. तीन वर्षांनी. खरोखरचं.

त्यांनी मला भिंतीशी बोलावून सांगितलं तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "आता काय करू वं? आठ दिवसाखाली उठली मी. आता पुन्हा बसते म्हटलं तं सासूबाई विचारतील, असं कसं? मागचं खरं की हे खरं?" मी म्हटलं, सांगून टाका सगळं. त्या म्हणाल्या, "सांगितलं की गेलं. मग मरेपर्यंत एक दिवस नाही."

काकूंनी सोळा भाज्या केल्या. नैवेद्याची पुरणपोळी केली. सोवळ्याचा मुकटा नेसून, ओल्या केसांनी, देवघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी ताट वाढलं. गेली तीन वर्षं अंग निर्मळ असताना ज्या छपरीत बसल्या, त्या आज खऱ्याखुऱ्या विटाळात देवीचा नैवेद्य रांधत होत्या. मला ह्या विटाळावर काडीचा विश्वास नव्हता, तरी माझ्या अंगावर काटा आला. कारण त्यांचा होता.

रक्त थांबलं नाही. कधी आठ दिवस, मग दोन दिवस बंद, मग पुन्हा. काकू आपल्या तिथीला चार दिवस बसायच्या आणि पाचव्या दिवशी तसंच जात असताना न्हाऊन चुलीशी जायच्या. एकदाच त्यांनी सहा दिवस घेतले. गोविंदराव रागावले नाहीत, नुसतं हसून म्हणाले, "चार दिवसाचं सँक्शन आहे वं, सहाचं नाही." पुढच्या महिन्यापासून त्या पुन्हा चारच दिवस बसू लागल्या. दिवाळीपर्यंत त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली.

शेवटी मीच गोविंदरावांच्या मागे लागले आणि आम्ही तिघं सीताबर्डीवर एका बाईडॉक्टरांकडे गेलो. बाई भल्या होत्या, त्यांना मी आजही दोष देत नाही. त्यांनी काकूंना समोर बसवलं, नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग विचारलं, "पाळी बंद झाली आहे का तुमची? की चालू आहे अजून?"

काकूंनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून गोविंदराव बोलले. "नाही नाही, बंद कुठली. अगदी रेग्युलर आहे. एक महिना चुकला नाही. मीच तं चार दिवस स्वयंपाक करतो." आणि नेहमीसारखे हसले. डॉक्टरबाईही कौतुकानं हसल्या. मग काकूंना म्हणाल्या, "हो ना? दर महिन्याला होती?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारून पाहिलं. आणि म्हणाल्या, "हाव."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंडापर्यंत आलं होतं, बाई, तीन वर्षं बंद होती. पण परक्या पुरुषासमोर, त्यांच्याच नवऱ्यासमोर, मी ते कसं उच्चारणार होते? आणि उच्चारलं असतं तर काकूंचे चार दिवस तिथंच, त्या टेबलावर संपले असते. त्या प्रश्नाला एवढं महत्त्व असतं हे मला तेव्हा कळत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. मी गप्प राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाळी जाताना ह्या वयात असा त्रास होतो बायकांना, घाबरू नका. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर गोविंदरावांनी काकूंना विचारलं, "विश्रांती म्हणजे काय करायचं असते?" त्यांच्या विचारण्यात टवाळी नव्हती.

पुढे आठ महिने गेले. काकू वाळत गेल्या, कंबर धरून चालायला लागल्या, आणि मग एका दुपारी चुलीपुढेच कोसळल्या. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासताना पुरुषांना बाहेर काढलं, मी आत राहिले. त्यांनी तोच प्रश्न विचारला. ह्यावेळी मागच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. काकू म्हणाल्या, "बंद होऊन तीन वर्षं झाली होती. मग लागलं."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला. "बंद झाल्यावर पुन्हा सुरू झालं? आणि तुम्ही तेव्हाच का नाही आलात? तेव्हा आला असतात तर—"

"आली होती," काकू म्हणाल्या.

गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि तो बाहेर पसरला होता. डॉक्टरांनी गोविंदरावांना व्हरांड्यात सगळं समजावून सांगितलं, तीन वर्षांचंसुद्धा. नंतर ते बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते. मग मला विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "म्हणजे ती तीन वर्षं मी उगाचच स्वयंपाक केला?"

माणूस धक्क्यात काहीही बोलून जातो, हे मला मान्य आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही मी पाहिलं. पण त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडून दुसरं काही आलं नाही, हेच आलं. मी त्यांना ह्याबद्दल क्षमा केलेली नाही. आता ते नाहीत, तरी केलेली नाही.

विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन झालं, काकू घरी आल्या, पुढच्या खोलीत खाटेवर पडून राहू लागल्या. घरात स्वयंपाकाला बाई लावली. आठ दिवसांत लावली. शोधायलाही लागली नाही, गल्लीच्या तोंडाशीच राहत होती. तीस वर्षांत कुणालाही न सुचलेली गोष्ट इतकी सोपी होती. काकू मला म्हणाल्या, "पाह्य, मरायले टेकली तेव्हा बाई लागली." आणि हसायला गेल्या तर कळ आली.

एका दुपारी सासूबाई आत झोपल्या होत्या, बाकी घरात कुणी नव्हतं. मी त्यांचे पाय चेपत होते. म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"डोळे वटारले होते न मी तुझ्यावर."

"तरी बोलायला पाहिजे होतं."

त्या छताकडे पाहत होत्या. "त्याचं नाही वं वाईट वाटत. मले तो नैवेद्य डाचते. तसल्या अंगानं रांधला मी. महालक्ष्म्यांनी खाल्ला असेल काय? त्याचंच हे भोगून राहिली मी." मी त्यांना सांगितलं की असं काही नसतं, हा नुसता रोग आहे, विटाळ वगैरे माणसांनी केलेलं आहे. बराच वेळ सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं. "तुझं बरोबर असेल. शिकलेली आहेस तू. पण मले सांग, विटाळ नसता तं मले कोणी बसू दिलं असतं काय?"

काकू माघ महिन्यात गेल्या.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बायका जेवणाच्या पंगतीत गोविंदरावांबद्दल बोलत होत्या. किती केलं हो त्यांनी तिचं! नवरा असून स्वयंपाकघरात उभा राहायचा. पुण्यवान बाई, अहेवपणी गेली. खांद्यावर उपरणं घेतलेले गोविंदराव पंगतीतून "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरत होते. कुणीतरी त्यांना ऐकू जाईल असं बोललं, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "आपल्या सेक्शनचं होतं तेवढं केलं बाप्पा." मी पानावरून उठले. माझ्या पानातला लाडू तसाच राहिला.

घरी आले. संध्याकाळ झाली होती. सकाळपासून तेराव्याच्या घरी राबले होते, पाय भरून आले होते. पुढच्या खोलीत खाली बसले, भिंतीला पाठ लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाय पसरले. हे कॉलेजातून आले. मुलं भूक भूक करत होती. ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काहून वं, आज स्वयंपाक नाही?"

"आज तुम्ही करा," मी म्हटलं.

"मी? काहून? ताप आहे काय तुले?"

"नाही."

"मग? आपल्याकडे तं ते पाळत नाही न आपण."

"ते नाही. थकली मी."

ते समोर उभे राहिले. रागावले नाहीत, हसले नाहीत. आमच्या सुधारक घरात चौदा वर्षांत हे कारण कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ऐकल्यावर काय करायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "थकली म्हणजे," त्यांनी शेवटी अगदी काळजीनं विचारलं, "नेमकं काय झालं आहे?"

मला दुसरं कारण सापडलं नाही. मी उठले आणि कणीक मळायला घेतली.